पोर गेलं, तर तुमचं काय गेलं?

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम उतरणीला लागला की जळगाव-धुळ्यात एक तक्रार हमखास कानावर येते. माती आपली, मेहनत आपल्या क्रीडाशिक्षकाची, आणि तयार झालेलं पोरगं मात्र पुणेवाले उचलून नेतात. कुणी तालमीत गेलेल्या मल्लाचा दाखला देतं, कुणी क्रीडा प्रबोधिनीत गेलेल्या धावपटूचा, कुणी फी माफ करून मुंबईच्या कॉलेजने नेलेल्या मुलीचा. आता त्यात फुटबॉलची भर पडली आहे. 2022 मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबशी करार केला, तेव्हा क्रीडा खातं जामनेरच्या गिरीश महाजनांकडे होतं. त्या करारातून 14 वर्षांखालच्या मुलांची निवड सुरू झाली. डिसेंबर 2025 मध्ये मेस्सी वानखेडेवर आला आणि त्याच्या साक्षीने 13 वर्षांखालच्या मुलामुलींसाठी ‘महादेवा’ प्रकल्पाचा गाजावाजा झाला. चाचण्या गावोगावी, प्रशिक्षण मात्र दूर. तेव्हापासून ‘पळवापळवी’ हा शब्द आणखी जोरात ऐकू येऊ लागला.

तक्रार करणारे नुसती हळहळ व्यक्त करून थांबत नाहीत. दहावी होईपर्यंत एकाही खेळाडूला जिल्ह्याबाहेर नेऊ देऊ नये, न्यायचंच असेल तर जिल्हा संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र सक्तीचं करावं, आणि जो गेला त्याला पुन्हा जिल्ह्याच्या संघात घेऊ नये, अशी त्यांची मागणी आहे. ती मांडणाऱ्यांत प्रामाणिक माणसं आहेत. पहाटे पाचला मैदानावर उभं राहून, पदरचे पैसे घालून त्यांनी पोरं घडवली आहेत. म्हणूनच त्यांना टाळून पुढे जाता येत नाही, उत्तर द्यावं लागतं. माझं उत्तर असं: पोराला जाऊ द्या. अडवायचंच असेल, तर त्याला कागदाशिवाय नेणाऱ्याला अडवा.

या तक्रारीचा पहिला पाया मालकीचा आहे. आम्ही घडवलं म्हणून ते आमचं. पण हा न्याय आपण फक्त खेळाडूलाच का लावतो? अकरावीला पोरगं कोटा किंवा लातूरला क्लाससाठी धाडताना बाप कर्ज काढतो, आई डबे भरून देते आणि गल्लीत सगळे कौतुक करतात. ‘आमची गुणवत्ता राजस्थानने पळवली’ असं म्हणणारा माणूस मला जळगावात अजून भेटलेला नाही. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे शिकायला पुण्याच्या फर्ग्युसनला गेले. त्यांना ज्ञानपीठ मिळालं तेव्हा अख्ख्या खानदेशाने छाती फुगवली. रावेर-सावद्याची केळी रेल्वेने दिल्लीला गेली की ती आपली शान, आणि त्याच शिवारातली मुलगी स्पाइक्स घेऊन पुण्याच्या गाडीत बसली की ती चोरी, हा कुठला हिशोब?

उलट्या बाजूनेही पाहा. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्याचे नव्हते. त्यांची अखेर धुळ्यात झाली आणि 1927 मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे, शिक्षक झाले अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात. त्यांना आपण बाहेरचे म्हणत नाही, आपलेच म्हणतो. खेळातही तसंच आहे. जैन इरिगेशनच्या नोकरीत राहून मुंबई-पुण्याचे कॅरमपटू देशपातळीवर खेळतात आणि जळगावचं नाव होतं. तेव्हा मुंबईच्या कॅरमचं काय झालं, हे आपण विचारत नाही. आंतरमहाविद्यालयीन चॅम्पियनशिप मिळवायची म्हणून तालुक्याच्या कॉलेजातला चांगला कबड्डीपटू जिल्ह्याच्या कॉलेजात नेण्याचे उद्योग तर आपल्या विद्यापीठ क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहेत. साक्रीचा मुलगा धुळ्यात नेला तर त्याला ‘संधी’ म्हणायचं आणि धुळ्याचा पुण्याला गेला तर ‘पळवापळवी’. जो नियम आपण स्वतः पाळत नाही, तो दुसऱ्याने पाळावा असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पदक बाहेरच्या नावावर जातं, ही ओरडही तपासून पाहावी. चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी पुण्यात राहून सराव करायचा. 2014 ला नगर, 2015 ला नागपूर, 2016 ला पुणे, अशी सलग तीन वर्षं त्याने महाराष्ट्र केसरीची गदा मारली. तिसऱ्या वेळी अंतिम कुस्तीत समोर पुण्याचा अभिजित कटके होता. जिंकणाऱ्याचं नाव लागलं ते ‘जळगावचा विजय चौधरी’ असं. पुढे सरकारने त्याला पोलीस उपअधीक्षक केलं आणि 2023 मध्ये कॅनडातल्या विनिपेगला जागतिक पोलीस स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवलं. चाळीसगाव सोडलं म्हणून चाळीसगावचं काय कमी झालं? आज आपल्या आखाड्यांत पोरं त्याचं नाव घेऊन लंगोट कसतात. तो घरी बसला असता तर हे नाव घ्यायलाच उरलं नसतं.

दुसरा युक्तिवाद वरवर पाहता जास्त शहाणपणाचा वाटतो: इथेच सुविधा द्या, म्हणजे पोरं जाणार नाहीत. सुविधा द्यायलाच हव्यात, त्यात वाद नाही. राज्य सरकारने तालुका संकुलाचं अनुदान 5 कोटींपर्यंत आणि जिल्हा संकुलाचं 25 कोटींपर्यंत नेलं आहे. तो पैसा नीट खर्च झाला का, दिवे लागतात का, संध्याकाळी सहानंतर कुलूप कुणाच्या सांगण्यावरून लागतं, हे विचारलंच पाहिजे. पण संकुल झालं की पोरं थांबतील ही समजूत खेळ न समजल्याची खूण आहे. खेळाडूला मैदानाइतकाच, किंबहुना मैदानाहून जास्त, जोड लागतो. सव्वाशे किलोच्या मल्लाला रोज अंगावर घ्यायला सव्वाशे किलोचे चार मल्ल हवेत. तालुक्याच्या आखाड्यात एक जरी सापडला तरी नशीब. तीन हजार मीटर धावणाऱ्या मुलीला पुढे दोन पावलं पळणारी दुसरी मुलगी हवी, नाहीतर ती दरवर्षी पहिली येते आणि दरवर्षी तेवढाच वेळ देते. फुटबॉलमध्ये तर हे आणखी उघड दिसतं. आठवड्याला दोन तगडे सामने मिळाले नाहीत, तर मुलगा चेंडू नाचवायला शिकतो, खेळ वाचायला शिकत नाही. पैसा आला की इमारत उभी राहते. जोड मात्र राज्यभरातून वेचलेली पोरं एका जागी राहिली तरच तयार होतो.

काही खेळांना तर गावात राहून हातच घालता येत नाही. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. आपल्या मालेगाव-नाशिक वाटेवरचा हा तालुका दुष्काळासाठी प्रसिद्ध. विहिरी खणणारा हा पोरगा 2012 मध्ये सैन्यात गेला, तिथे पहिल्यांदा वल्हं हातात धरलं आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला एकेरी नौकानयनात उतरला. ‘पोर गावातच घडलं पाहिजे’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, तळेगाव रोहीत त्याने नाव कुठल्या पाण्यात घातली असती? स्वप्निल कुसळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. 2009 मध्ये वडिलांनी त्याला क्रीडा प्रबोधिनीत घातलं, नेमबाजीचं शिक्षण नाशिकला झालं आणि 2024 मध्ये पॅरिसला त्याने कांस्य मिळवलं. म्हणजे ज्या कोल्हापूरला आपण खेळाचं माहेरघर समजतो, त्या कोल्हापूरनेही पोर आपल्या उत्तर महाराष्ट्रात धाडलं. नाशिकने आमचा नेमबाज पळवला, अशी ओरड तिथे झाली नाही. पॅरिसहून परतला तेव्हा कोल्हापुराने त्याची मिरवणूक काढली.

आता तिसरा मुद्दा, आणि तो खरा आहे. बारा-तेरा वर्षांचं पोर घरापासून तोडलं जातं. वसतिगृहात राहतं, बोली बदलते, जेवण बदलतं. अहिराणी बोलणारं पोर पुण्यात दोन महिने गप्पच राहतं. खेळात चमकलं तर ठीक. पंधराव्या वर्षी गुडघा गेला, उंची खुंटली किंवा चाचणीत वेळ घसरली की त्याला कमी केलं जातं. मग ते गावी येतं तेव्हा नववी अर्धी झालेली असते, जुने सवंगडी पुढे गेलेले असतात, आणि ‘जाऊन काय दिवे लावले’ हे ऐकायला मिळतं. विजय चौधरी आणि स्वप्निल कुसळे यांची नावं आपण मोजतो. परत आलेल्यांची यादी कुठल्याच कार्यालयात नसते. पोरं नेण्याचं समर्थन करणारे ‘बघा, किती मोठे झाले’ म्हणतात तेव्हा ते फक्त पोहोचलेले मोजतात, हा दोष मी मान्य करतो. माझा लेख त्यांच्या बाजूनेही नाही.

पण या खऱ्या मुद्द्यावरून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. वाट धोक्याची असेल तर वाटेवर कठडा बांधायचा असतो. आपले लोक वाटच बंद करायला निघाले आहेत, आणि त्यासाठी हत्यार कोणतं, तर शाळा सोडल्याचा दाखला आणि ना हरकत प्रमाणपत्र. ‘सामने संपू द्या, मग देतो’, ‘अध्यक्ष बाहेरगावी आहेत’, ‘आधी फीची बाकी भरा’. दाखला असा महिनोन्‌महिने अडकवला की निवड झालेल्या पोराची जागा दुसऱ्याला जाते. मायबापाला शहरात ओळख नसते, ते हात जोडून परत येतात. मुलाच्या काळजीचा हा प्रकार नाही. हा हिशोब विभागीय स्पर्धेतल्या ढालीचा असतो.

अशा मुख्याध्यापकांनी कायदा वाचावा. शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 5 सांगतं की प्राथमिक शिक्षण चालू असलेल्या मुलाला कोणत्याही कारणासाठी दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत, अगदी दुसऱ्या राज्यातल्या शाळेतही, जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यायचा आहे. दाखला मिळाला नाही म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, आणि दाखल्याला उशीर लावणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. त्याच कायद्याचं कलम 15 मुलाला वर्षाच्या मध्यातही शाळेत घ्यायला सांगतं. म्हणजे आठवीपर्यंत जायची वाट उघडी आहे आणि परत यायचीही. पण कायदा आठवीलाच संपतो. पोरं कमी केली जातात ती नववी ते बारावीत. धोका जिथे सर्वांत मोठा, नेमकं तिथेच मुलाच्या हातात काही उरत नाही. भांडायचं असेल तर या फटीसाठी भांडावं.

आता नेणाऱ्यांकडे वळतो. प्रबोधिनी, सैन्याची क्रीडा केंद्रं, खासगी अकादम्या, फी माफ करणारी कॉलेजं, कुणीही असो. पालकाला ते काय देतात? बहुतेक वेळा तोंडी शब्द. ‘पोराची काळजी करू नका, भाऊ, ते आता आमचं.’ राहणं-खाणं फुकट आहे का, किती वर्षं? दुखापतीचं ऑपरेशन कोण करणार? कामगिरी घसरली तर वर्षअखेरपर्यंत ठेवणार की दिवाळीत गाडीत बसवून देणार? मुलीच्या वसतिगृहात रात्री कोण असतं? हे विचारणारा पालक ‘संशयी’ ठरतो. अंगठा उठवणाऱ्या बापाला दहा पानी इंग्रजी फॉर्म पुढे करतात, आणि त्यातली अर्धी कलमं संस्था कशाला जबाबदार नाही हेच सांगणारी असतात.

जगात हे कसं चालतं ते पाहिलं तर लाज वाटावी. अमेरिकेतली विद्यापीठं अमेरिकन फुटबॉलसाठी हजारो मैलांवरून शाळकरी मुलं नेतात, अगदी पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकन सामोआ बेटांवरूनही. त्या धंद्यात घाण भरपूर आहे. तरी प्रशिक्षकाने मुलाच्या घरी कधी जायचं आणि कोणत्या काळात अजिबात भेटायचं नाही, याचं वेळापत्रक आहे. शिष्यवृत्ती लेखी असते. 2015 मध्ये तिथल्या पाच मोठ्या स्पर्धा-गटांनी ठरवलं की खेळ कमी पडला, एवढ्याच कारणाने विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती काढता येणार नाही. ज्या देशाला आपण पैशाचा पुजारी म्हणतो, त्याला पोराच्या शिक्षणाची एवढी हमी देणं जमलं. आपल्या कल्याणकारी राज्याला का जमू नये?

फिफाचाही एक नियम इथे लागू पडतो. व्यावसायिक फुटबॉलपटूची किंमत मोजून बदली झाली की त्या रकमेतले 5 टक्के बाजूला काढले जातात आणि वयाच्या 12 ते 23 या काळात ज्या क्लबांनी त्याला घडवलं, त्यांच्यात वाटले जातात. खेडेगावातला छोटा क्लबही त्यात वाटेकरी असतो. घडवणाऱ्याचं ऋण फेडायचा हा साधा मार्ग आहे. मुलगा अडवून ठेवायची गरज पडत नाही, कारण मुलगा मोठा झाला की घडवणाऱ्याचाही फायदा होतो. आपल्याकडे ‘खेलो इंडिया’तून निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला 6.28 लाख रुपयांची तरतूद आहे, त्यात 1.20 लाख खेळाडूच्या हातखर्चाला. चांगली गोष्ट आहे. पण ज्या शिंदखेड्याच्या किंवा पारोळ्याच्या क्रीडाशिक्षकाने सातवीतलं पोर पहिल्यांदा हेरलं, त्याच्या शाळेला त्यातून एक चेंडूही येत नाही. मग तो शिक्षक पोर सोडताना कुरकुरला, तर दोष केवळ त्याच्या मनाच्या कोतेपणाला देता येत नाही. व्यवस्थेनेच त्याला कोता केला आहे.

तेव्हा मागणी करायची तर ती तीन गोष्टींची करावी.

पहिली, लेखी हमीपत्र. मराठीत, दोन पानांत, साध्या भाषेत. किती वर्षं, कोणता खर्च, दुखापतीचा विमा, राहण्याची व्यवस्था, जबाबदार माणसाचं नाव, आणि काढून टाकायचं झाल्यास किती दिवस आधी सांगणार. ते पालकाला वाचून दाखवावं, गरज असेल तिथे अहिराणीत समजावून सांगावं, आणि एक प्रत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या दप्तरी राहावी. हमीपत्र नसेल, तर त्या संस्थेला जिल्ह्यात निवड चाचणी घ्यायला मैदानच देऊ नये. मैदान आपल्या हातात आहे. पोराचा दाखला अडवण्यापेक्षा हा अधिकार कितीतरी जास्त उपयोगाचा आहे.

दुसरी, परतीची जागा. नववी ते बारावीत परत येणाऱ्या खेळाडूला त्याच्या जुन्या शाळेत किंवा कॉलेजात वर्ष न बुडवता प्रवेश मिळाला पाहिजे. जळगाव, धुळे आणि नंदुरबारचं विद्यापीठ 1990 पासून आपलं स्वतःचं आहे, शिक्षणसंस्था आपल्या माणसांच्या आहेत. एवढा ठराव करायला मंत्रालयाची वाट पाहायची गरज नाही. आणि जो जाईल त्याला पुन्हा जिल्ह्याच्या संघात घ्यायचं नाही, ही सूडाची अट आजच कचऱ्यात टाकावी. बाहेर चार वर्षं खेळून परतलेला मुलगा म्हणजे आपल्या पोरांना घरबसल्या मिळालेला जोड.

तिसरी, घडवणाऱ्याचा वाटा. सरकारी पैशातून चालणाऱ्या प्रत्येक निवासी केंद्राने, जितकी वर्षं मूल तिथे आहे तितकी वर्षं, त्याच्या मूळ शाळेला किंवा आखाड्याला ठरावीक रक्कम साहित्यासाठी द्यावी, आणि खेळाडूला बक्षीस मिळालं की पहिल्या गुरूचं नाव कागदावर यावं. पदकाच्या दिवशी फोटोत कोण उभं राहतं यावरून होणारी भांडणं त्याने निम्मी तरी कमी होतील.

यावर एक शेवटचा आक्षेप येईल. कागद झाले, हमी झाली, तरी सगळी चांगली पोरं गेल्यावर जिल्ह्यात उरलं काय? उरते ती पुढची पोरं. चांगल्या शाळेच्या मैदानावर दरवर्षी नवी सहावी येते. चाळीसगाव-धुळे रुळांवर धावणाऱ्या छोट्या गाडीतून आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून आपली पोरं पुण्या-कोल्हापूरला जात आली आहेत, जात राहतील. त्यांना थांबवण्याची ताकद ना संघटनेत आहे ना लेखात. आपल्या हातात एवढंच आहे की ती जाताना कशी जावीत: चोरट्यासारखी दाखला मागत, की हातात हमीपत्र घेऊन आणि मागे जागा राखून.

म्हणून जळगाव-धुळ्यातल्या मुख्याध्यापकांना आणि जिल्हा संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती: यंदा कुणी पालक दाखला मागायला आला तर त्याच दिवशी द्या, आणि देताना त्याला एवढंच विचारा, ‘आप्पा, नेणाऱ्याकडून लिहून घेतलंत का?’ नसेल घेतलं, तर त्याच्यासोबत तुम्ही जा आणि लिहून घ्या.